इंजिनाला कान लावणारे किसनआप्पा

किसनआप्पा गेले त्या दुपारी घरात पंचाईत झाली ती फोटोची. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा तर आप्पांचा एकट्याचा असा फोटोच सापडेना. लग्नातला एक होता, पण त्यात ते फेट्याखाली गेलेले. बाकी जितके निघाले त्या सगळ्यांत आप्पांचा एक हात पिकअपच्या बॉनेटवर. नातवाच्या बारशात बॉनेटवर हात, पुतणीच्या साखरपुड्यात बॉनेटवर हात. शेवटी फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर गाडी कापून काढली, पण हात काही खाली घेता येईना. त्यामुळं तळेगाव ढमढेऱ्याच्या चौकात आप्पा कितीतरी दिवस हवेत हात धरून सगळ्यांना आशीर्वाद देत होते आणि त्यांच्या कोपराजवळ अर्धा हेडलाइट चमकत होता. बाहेरगावची माणसं एसटीतून बघून म्हणायची, कोणीतरी साधुपुरुष दिसतोय.

साधुपुरुष म्हणे! मी लग्न होऊन वस्तीवर आले तेव्हापासून आमच्या आणि आप्पांच्या घरांमध्ये फक्त एक बांध. आमची शेवंती आणि गुलछडी पुण्याच्या मार्केटला जायची ती त्यांच्याच पिकअपमधून. आमच्या घरात भावावरून भांडायची ताकद माझ्यातच जास्त, म्हणून मालाबरोबर मी जायचे आणि कॅबिनमध्ये डाव्या बाजूला बसायचे. तेव्हा आप्पांबद्दल बोलायचा पहिला हक्क त्यांच्या बायकोचा, पार्वतीकाकूंचा, आणि दुसरा माझा. काकू बोलत नाहीत. गाडी घरात आल्यापासून त्यांना बोलायला मिळालंच नाही.

आप्पा दिसायला किरकोळ. पांढरा शर्ट, पांढरी टोपी आणि लोक जिथं पेन लावतात तिथं खिशाला टायरची हवा मोजायचं मीटर. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गाड्या राहत. गावातला पोरगा शिकून साहेब होऊन आला आणि पाया पडला, तर आप्पा त्याला निरखून विचारणार, "तू त्या निळ्या टेम्पोचा न्हवं का?" साहेब बिचारा मान हलवणार. मग आप्पा प्रेमानं चौकशी करणार, ती टेम्पोच्या गिअरबॉक्सची.

त्यांनी नवीकोरी पिकअप आणली, तेव्हाची गोष्ट. चांगली दणकट, अडीच लिटरच्या डिझेल इंजिनाची. कंपनीत शिकलेली माणसं बसतात, डोकं खाजवतात, गाडी वाऱ्यातून सरळ कापत जावी, डिझेल कमी प्यावी म्हणून तिला उतार देतात, गोलाई देतात. आप्पांनी त्या सगळ्या शहाणपणाची आठवडाभरात वाट लावली. टपावर पत्र्याचा मुकुट चढवला. पुढं लोखंडी गार्ड लावला, तो इतका जड की गाडीनं नमस्कार केल्यासारखं नाक खाली घातलं. मग नाक वर यावं म्हणून स्प्रिंगांचे पाटे वाढवले, तर गाडी रिकामी असली की उड्या मारायला लागली. आरशांना गोंडे, दारांवर रेडियमचे मोर, मागच्या फाळक्यावर सगळ्या भावकीची नावं. आणि या सगळ्यावर कळस म्हणून पुढच्या जाळीवर जबडा वासलेला फायबरचा वाघ.

"आप्पा, एवढं कशाला हो?" मी विचारलं होतं.

"मंगल, अगं गाडी म्हंजी लक्ष्मी हाय. लक्ष्मीला तू तशीच लंकेची पार्वती ठेवशील व्हय?"

घरातली खरी पार्वती त्या वेळी मागं उंबऱ्यात उभी होती. गळ्यात काळे मणी, हातात काचेच्या दोन बांगड्या.

वाघाचा पराक्रम पहिल्याच सीझनला कळला. दसऱ्याच्या तोंडावर शेवंतीला भाव होता, हौदा गच्च भरलेला, आणि लोणीकंदच्या पुढं गाड्यांची रांग लागलेली. गाडी गोगलगाईसारखी सरकतीय आणि टेंपरेचरचा काटा मात्र धावतोय. थोड्या वेळानं बॉनेटमधून वाफ. आप्पा खाली उतरले आणि त्यांनी कंपनीचा उद्धार सुरू केला. इंजिनात दम राहिला नाही, पत्रा पातळ झाला, देश कुठं चाललाय. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण चूल पेटवताना फुंकणीचं तोंड बंद केलं तर काय होतं, एवढं कळतं. मी म्हटलं, "आप्पा, वारा जायच्या जागेवर तुम्ही वाघ बसवलाय."

आप्पा माझ्याकडं असे बघत राहिले, जशी मीच त्या वाघाला जन्म दिलाय. मग कुणाकडं न बघता त्यांनी पाना काढला. वाघ निघाला. हौद्यात ठेवावा तर फुलं चेंगरणार, रस्त्यात टाकावा तर आप्पांचा जीव जाणार. म्हणून तिथून मार्केटपर्यंत तो माझ्या मांडीवर बसून आला, जबडा वासून. सिग्नलला एका बाईनं काचेतून मला हात जोडले.

दुसरं प्रकरण ॲव्हरेजचं. आमच्याकडं माणूस भेटला की आधी पाऊसपाणी विचारतात आणि लगेच, "ॲव्हरेज काय देती?" या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची आमच्याकडं पद्धत नाही. पोराचे मार्क, उसाचं टनेज आणि गाडीचं ॲव्हरेज वाढवूनच सांगायचं असतं, आणि ऐकणाऱ्यानं मनातल्या मनात वजा करून घ्यायचं असतं. पण आप्पांनी ही पद्धत पार वर नेऊन ठेवली होती. चहाच्या टपरीवर त्यांची गाडी सोळा द्यायची. शिक्रापूरला पोचेपर्यंत अठरा. मार्केटमध्ये व्यापारी भेटले की वीस. मुकुट, गार्ड, मोर आणि गोंडे घेऊन वीस!

एकदा टपरीवरच्या मंडळींनी त्यांना धरलंच. टाकी फुल्ल करायची, फिरून यायचं, परत फुल्ल करायची, दूध का दूध. आप्पा छाती काढून तयार झाले. फिरून आल्यावर परत डिझेल भरताना त्यांनी गाडी पंपावर अशी काही तिरकी लावली की टाकीचं तोंड खाली झुकलेलं. थोडक्याच डिझेलात टाकी भरल्यासारखी झाली, पण मंडळीही काही दुधखुळी नव्हती. त्यांनी गाडी सरळ करायला लावली आणि हौद्यावर चढून ती गदागदा हलवली, बुडबुडे जाऊ दिले, काठोकाठ भरून घेतली. त्याआधी रस्त्यात आप्पांनी प्रत्येक उताराला इंजिन बंद केलं होतं. वारा अडावा म्हणून पुढच्या ट्रकच्या मागं इतके चिकटून गेले होते की बरोबरचे दोघं देवाचं नाव घेत बसले. एवढं सगळं करून हिशेब निघाला अकराचा. आप्पांनी शांतपणे टोपी झटकली. "पंपवाल्याचं मीटर खोटं हाय," ते म्हणाले, आणि पुढं कितीतरी वर्षं वीसच सांगत राहिले.

पण या सगळ्या थाटामाटाला लोक हसत असले, तरी एका गोष्टीपुढं सगळ्यांची मान वाकायची. आप्पांचा कान. पंचक्रोशीत कुणालाही गाडी घ्यायची असली, नवी असो की जुनी, आप्पांना घेतल्याशिवाय जायचं नाही. न्हावऱ्यापासून दौंडपर्यंत त्यांना बोलावणी यायची. आप्पा जाणार, खुर्चीवर बसणार, आधी चहा घेणार. मग गाडी चालू करायला लावायची. पिशवीतून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. दवाखान्यात डॉक्टरसुद्धा इतका वेळ छाती ऐकत नाही. सगळे श्वास रोखून उभे. आणि मग निकाल.

"दम हाय, पण मन न्हाई."

किंवा, "हे इंजिन खोटं बोलतंय."

याचा अर्थ काय, हे विचारायची आजवर कुणाची हिंमत झाली नाही. मला तर दाट संशय होता की घेणाऱ्याच्या तोंडाकडं बघूनच आप्पा निकाल लावतात. पण लोकांना तो शब्द हवा असायचा. आप्पांनी मान हलवली की व्यवहार व्हायचा, टॉवेल-टोपी व्हायची, आणि आप्पा घरी येऊन अंगणात खाट टाकून काकूंना सगळी हकीकत सांगायचे.

इंजिनांच्या बाबतीत त्यांचं मत एकच, डिझेल. बाकी सगळा पोरखेळ. त्यांचा मुलगा सचिन कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. सुट्टीला आला की म्हणायचा, "आप्पा, सीएनजी घेऊ, खर्च निम्म्यावर येईल." आप्पा म्हणायचे, "गॅसवर चहा करत्यात, सचिन. माल न्हाई न्हेत." बॅटरीच्या पिकअप यायला लागल्या तेव्हा तर विचारूच नका. "मोबाइलला चाकं लावल्यात," म्हणायचे, "आन् मोबाइल सासुरवाडीला पोचायच्या आत बंद पडतो." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे. त्यांचं ते हसणं हळूहळू फार मोठ्यानं व्हायला लागलं, हे माझ्या लक्षात आलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

तो लागला शिक्रापूरच्या रस्त्यावर. मागून एसटी हॉर्न वाजवतीय, वाजवतीय, आणि आप्पा मधोमध आपले निवांत. मी सांगितलं, "आप्पा, बाजू द्या." नाही. दंड धरून हलवला तेव्हा कुठं बाजू दिली. एसटी शेजारून जाताना कंडक्टरनं खिडकीतून अर्धा बाहेर येऊन आईबहिणीवरून जी लाखोली वाहिली ती मी इथं लिहीत नाही. आप्पांनी त्याला हसून हात केला. मला म्हणाले, "बघ मंगल, एसटीवालं बी वाकून वाकून बघत्यात गाडीकडं."

मी पोट धरून हसले. घरी आल्यावर पार्वतीकाकूंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कान गेल्यात त्यांचं. मला म्हाईत हाय, त्यांना म्हाईत हाय. तू कुनाला सांगू नगंस."

पण सचिनला ते कळलंच. तो डॉक्टरकडं घेऊन गेला, मशीन आणून दिलं. आप्पांनी ते डबीसकट गाडीच्या कप्प्यात टाकलं. सचिन चिडला. "गाडी चालवताना मशीन घालणार नसाल तर मी गाडी विकून टाकतो. उद्या कुणाला उडवलं तर?" बरोबरच होतं त्याचं. पण आप्पांनी मला कॅबिनमध्ये विचारलं होतं, "कानात मशीन घातलेल्या माणसाला इंजिन ऐकायला कोन न्हेईल गं?" गाडी गेली तर ते सचिनचे वडील म्हणून उरणार होते, आणि कान गेला म्हटल्यावर तेवढंही कुणी विचारणार नव्हतं.

सचिन परत शिफ्टला गेला, डबी कप्प्यातच राहिली, आणि तेव्हापासून आप्पांनी नवीच तऱ्हा काढली. स्क्रू ड्रायव्हर गेला आणि तळहात आला. बॉनेटवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे. "कान फसवतो, हात न्हाई," असं म्हणायचे. लोकांना ते आणखीच थोर वाटलं.

आणि त्याच सुमाराला आमच्या बचत गटाच्या डोक्यात स्वतःची पिकअप घ्यायचं आलं. फुलं आमची, तोडणी आमची, मग गाडी दुसऱ्याची का? गटातली सुनंदा ट्रॅक्टर चालवायची, तिनं पिकअपचं लायसन काढलेलं. म्हणजे ड्रायव्हर घरचा. बायकांनी एकमुखानं ठरवलं, आप्पांना घेऊन जायचं. मी म्हटलं, कशाला त्यांना त्रास? त्यावर सगळ्या माझ्यावरच तुटून पडल्या. आप्पांच्या कानाशिवाय गाडी घ्यायची म्हणजे काय!

शिरूरच्या शोरूमला आम्ही आप्पांच्याच पिकअपमधून गेलो, मी कॅबिनमध्ये, बाकीच्या हौद्यात. आप्पा नवा शर्ट घालून आलेले. शोरूममधली मुलगी मोठी चटपटीत. तिनं अंगणात दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या, एक डिझेल, एक बॅटरीची. डिझेलची चालू केली. आप्पांनी सवयीनं पिशवी उघडली. इतक्या दिवसांनी त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. इंजिन धडधडतंय. आप्पा उभे. उभेच. नेहमीचा वेळ होऊन गेला, तरी निकाल नाही.

मग डोळे उघडून ते म्हणाले, "दुसरी दावा."

मुलीनं डिझेल बंद केली आणि बॅटरीच्या गाडीत बसली. बटण दाबलं. "झाली चालू," ती म्हणाली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणी कान पुढं केला, कुणी तोंडावर हात ठेवला. आप्पांनी बॉनेटवर तळहात टेकवला. माझ्याकडं सरकून त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "चालू केली का गं?"

"केली, आप्पा."

"तुला ऐकू येती?"

"न्हाई."

"सुनंदाला?"

"कुणालाच येत न्हाई, आप्पा. हिला आवाजच न्हाई."

मी आप्पांना गाडी आणताना बघितलंय, नातू झाला तेव्हा बघितलंय. पण त्या क्षणी त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते कधी बघितलं नव्हतं. जन्मभर डिझेलची बाजू घेऊन भांडलेला माणूस सगळ्या बायकांकडं वळला आणि ओरडला, "हीच घ्या! डोळं झाकून घ्या!"

त्या बिचाऱ्या मुलीनं एका चार्जिंगमध्ये किती जाते, युनिटला किती पडतं, सगळं पाठ करून ठेवलं होतं. तिला सांगायची वेळच आली नाही. पुण्याला जाऊन येण्यापुरतं भागतंय एवढं मी विचारून घेतलं, आणि व्यवहार ठरला.

परतताना न्हावऱ्याच्या अलीकडं आप्पांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. पुढं बघत म्हणाले, "मंगल, खरं सांग. डिझेलच्या गाडीला आवाज व्हता?"

खोटं बोलायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. पण मागं हौद्यात सहा-सात बायका बसल्या होत्या आणि पुढं रस्ता होता.

"व्हता, आप्पा. तुम्ही उभं व्हता तवर धडधडत व्हती."

त्यांनी मान हलवली. किल्ली काढली, दार उघडून खाली उतरले आणि हौद्याकडं बघून हाक मारली, "सुनंदा, ये. तू चालव." तिला किल्ली दिली. सेकंड गिअर अडकतो, दाबून टाक, म्हणाले. मी मागं गेले आणि आप्पा स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा डाव्या बाजूला बसले. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाची मी टिंगल केली, आताही करतेय, पण त्या दिवशी घरी येईपर्यंत ताडपत्री तोंडापुढं धरून मी रडत होते.

डिझेल पिकअप सचिननं पाटसच्या एका ऊसवाल्याला विकली. घेणाऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, "ॲव्हरेज काय देती?" आप्पांना त्याच्या ओठांवरून कळलं. ते म्हणाले, "अकरा." पार्वतीकाकू मला सांगत होत्या, कान गेल्यात हे कळलं तवा मी रडले न्हाई, पर हे ऐकलं आन् मला दम निघंना.

आता आप्पा खाटेवर बसून राहतील असं सगळ्यांना वाटलं. कसले बसतात! गटाची गाडी आल्याच्या दुसऱ्याच खेपेला ते डाव्या सीटवर हजर. कुणी बोलावलं नव्हतं. सुनंदाला वळण सांगायचे, ब्रेक सांगायचे, ती आपली हो म्हणायची. आणि त्यांना खरंच एक काम सापडलं. ही गाडी आवाज न करता पाठीशी येऊन उभी राहायची. बाजारात लोक, शेळ्या, सायकली, कुणीच हलायचं नाही. सुनंदा हॉर्न मारायची, पण आप्पांचा त्या हॉर्नवर काडीचा विश्वास नव्हता. "वाजतो का न्हाई, काय भरवसा?" म्हणायचे.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते तळेगावच्या आठवडे बाजारात. मी कोथिंबीर घेत होते. समोरून गाडी आली, एवढ्या गर्दीतून सावकाश. आप्पा खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेले, दारावर हात आपटत होते आणि घशाच्या शिरा ताणून ओरडत होते, "बाजूला व्हा! गाडी येतीया! आवाज न्हाई तिला! सरका!" आत सुनंदाचा हात हॉर्नवरच होता आणि हॉर्न नुसता कोकलत होता. लोक हसत हसत बाजूला होत होते. शेळ्यासुद्धा झाल्या.

मी दिसताच आप्पांनी टोपी सावरली आणि सगळ्या बाजारावरून मला विचारलं, "मंगल! येतोय न्हवं आवाज?"

मी पिशवी खाली ठेवली आणि लांबूनच मान हलवली. त्यांना दिसावं म्हणून मोठ्यानं, पुन्हा पुन्हा हलवली.